विबिदियाचा मुलगा

"ओळखेल ना रे तो मला?" विबिदियाने गाडीत तिसऱ्यांदा विचारलं.

"आई आहात तुम्ही त्यांच्या," फिलेरस म्हणाला. राजवाड्याचा हा जुना कारभारी तिला न्यायला स्वतः राजधानीहून तिच्या गावी, स्पोलेतियमपर्यंत आला होता.

"कुठली आई! म्हाताऱ्या सम्राटाने दत्तक घेतला त्याच दिवशी कायद्याने माझं नाव पुसलं. अकरा वर्षांचा होता मानियस. चौदा वर्षांत एक ओळ नाही धाडली."

"धाडू दिली नाही, असं म्हणा. आणि नंतरची सहा वर्षं तर ऱ्हाइन नदीच्या सीमेवर, सैन्यात. आता म्हातारा गेला, मानियस सम्राट झाले. कोण अडवतंय?"

तिला बरं वाटलं. मग ती बोलतच सुटली. मानियसने पुजाऱ्याची अंजिरं चोरली होती, दाईने त्याला बदडलं होतं, लुपा नावाच्या कुत्रीला तो पांघरुणात घेऊन झोपायचा. फिलेरस हसत ऐकायचा, खोदून खोदून विचारायचा. प्रत्येक मुक्कामावर चिठ्ठी लिहून घोडेस्वार पुढे पिटाळायचा.

"माझ्या तेर्तुलाला का नाही घेतलं? तिलाही भावाला बघायचं होतं."

"मुलंबाळं आहेत, कशाला प्रवासाची दगदग? त्यांच्या दाराशी सैनिक ठेवलेत. सम्राटांची बहीण आहे म्हटल्यावर एवढं हवंच." त्याने हातातल्या चिठ्ठीची घडी घातली. "सिनेटमधल्या दोनचार तोंडाळ म्हाताऱ्यांना तुमची मायलेकरांची भेट बघायची आहे. तेवढं झालं की सगळं सुरळीत."

"बघू देत की. माझं काय जातंय?"

दरबार खचाखच भरला होता. इतकी वर्षं विबिदियाने रोज जेवताना त्याच्या जागेकडे पाहिलं होतं, तो आता केवढा झाला असेल याचा अंदाज बांधला होता.

पायऱ्या उतरून तो समोर आला. उंच, रापलेला, दाढी राखलेला.

"आई," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "अंजिरांपायी दाईने बदडलं होतं, आठवतं? आणि आपली लुपा?"

ती त्याच्याकडे पाहतच राहिली. मग तिची नजर खांबाशी उभ्या असलेल्या फिलेरसकडे गेली, आणि तिला रडू फुटलं.

"माझा मानियस!" ती ओरडली आणि तिने त्याच्या गळ्यात हात टाकले.

एकच जयघोष झाला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने, जो सगळ्यांत मोठा संशयी होता म्हणे, अंगावरच्या वस्त्राने डोळे पुसले. सम्राट तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याचा खांदा तिच्या आसवांनी भिजला.

त्या गलक्यात तिने तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"तुझं राज्य तुला लखलाभ, पोरा," ती पुटपुटली. "माझ्या लेकाची राख कुठे ठेवलीत, तेवढं सांग."