जावई, नणंद आणि थोरले दीर

“स्टेरॉइड म्हणजे आपला जावई,” भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या. “आला की घरातली दुखणी पळतात, सूज उतरते. पण फार दिवस ठेवून घेतला तर तोंड फुगतं नि साखर वाढते.”

सून हसली नाही. मांडीवरच्या पुस्तकात तिनं बोटानं ओळ धरून ठेवली होती. “अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळ्या,” तिनं वाचलं. “रक्तदाब उतरवतात.”

“धाकटी नणंद. आली की एकेकाला घराबाहेर काढते. तिला सकाळीच बोलवावं. संध्याकाळी आली तर रात्रभर उठबस.”

“अँटिबायोटिक.”

“आत्याबाई. साध्या सर्दीपडशाला त्यांना बोलवायचं नाही. बोलावलंच, तर ठरलेले दिवस पुरे होऊ द्यायचे. एवढंसं सांगायला चारशे पानं कशाला लागतात गं?”

“परीक्षा औषधांची आहे की आपल्या घराण्याची?” सुनेचा नवरा दारातून म्हणाला.

“तू गप बस. दहावीला तीनदा बसलास, आम्हाला नको शिकवू.”

तो निघून गेला.

परीक्षा उद्यावर आली होती. तोंडी. पास झालं तर आरोग्य केंद्रात मदतनिसाचं काम. वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जायचं, कोण कुठली गोळी घेतंय, कोण चुकवतंय ते बघायचं. दोनदा नापास होऊन झालं होतं आणि चौथ्यांदा बसू देत नाहीत. दोन्ही वेळा एकाच प्रश्नावर दातखीळ बसली होती. या खेपेला नाव पैलतीराला लावायचीच, असं सुनेनं मनाशी पक्कं केलं होतं. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. मालकाच्या हातापाया पडून तिनं उद्याची रजा मिळवली होती.

तिनं पान उलटलं. “बीटा ब्लॉकर. नाडी मंद करतात, हृदयावरचा भार हलका करतात.”

“थोरले दीर. धावणाऱ्याला म्हणतात, अरे सावकाश.”

“आणि पेशंटनं त्या एकदम बंद केल्या तर?”

सासूबाई उठल्या. “दूध उतू जाईल.”

दूध केव्हाच तापवून झालं होतं. सुनेलाही ते ठाऊक होतं. या पानाशी आलं की घरात सगळ्यांचंच असं व्हायचं. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले. ते रोज याच गोळ्या घ्यायचे. जरा बरं वाटल्यावर त्यांनी त्या सोडल्या आणि दहाव्या दिवशी सगळं आटोपलं, असं घरात बोललं जायचं. सासूबाई त्यावर कधी चकार शब्द काढत नसत. एरवी त्यांच्या तोंडाला कुलूप कसलं ते माहीत नव्हतं.

“आई, हा प्रश्न उद्या येणारच,” सून स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाली. “टाळून नाही चालायचं.”

“माहीत आहे.” सासूबाईंनी धुतलेलं पातेलं पुन्हा धुवायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी दोघी वेळेच्या तासभर आधी पोचल्या. लांबलचक बोळ, भिंतीला टेकवलेली बाकं, आणि बाकांवर ओठ हलवत बसलेल्या विशीतल्या मुली. सासूबाई ठेवणीतले कपडे घालून ताठ बसल्या होत्या. कुणाला वाटावं, परीक्षा घ्यायला याच आल्या आहेत. सून मात्र अजून पुस्तकाची पानं उलटत होती.

“पुस्तक मिट,” सासूबाई म्हणाल्या. “आता डोक्यात आहे ते आहे.”

“बावीस नंबर!” शिपायानं हाक दिली.

सून उभी राहिली.

“ही पिशवी धर,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पदरानं चष्मा पुसला, नाकावर नीट बसवला आणि त्या एकट्याच आत गेल्या.

दार अर्धवट उघडं राहिलं. सून चौकटीला चिकटून ऐकू लागली. स्टेरॉइड झालं, पाणी काढणाऱ्या गोळ्या झाल्या, अँटिबायोटिक झालं. सासूबाईंचं एकही उत्तर चुकलं नाही.

“बीटा ब्लॉकर,” आतून परीक्षकांचा आवाज आला. “पेशंटनं त्या एकदम बंद केल्या तर काय होईल?”

आत सामसूम. मागच्या दोन्ही वेळांसारखीच. परीक्षकांनी कागद पुढे ओढल्याचा आवाज झाला. सुनेनं डोळे मिटून घेतले.

“छातीत कळ येते, साहेब. माणूस जाऊही शकतो. आमचे दहाव्या दिवशी गेले,” सासूबाई म्हणाल्या. “पण त्यांनी नव्हत्या बंद केल्या. आता बरे झालात म्हणून गोळ्या मीच फेकून दिल्या होत्या.”