डाव्या हाताचा खेळ

दुकानदाराने तीन यंत्रं काउंटरवर ओळीने मांडली आणि बोलायला लागला तो रिटायर्ड टर्नरच्या बायकोशी. टर्नर तिच्या शेजारीच उभा होता. त्याचा उजवा हात पँटच्या खिशात होता. सकाळी बायकोनेच तो तिथे घालून दिला होता, लोंबकळत राहू नये म्हणून.

“बॅटरी बसली की हे लावायचं, काकू. लाल चिमटा लाल टोकाला, काळा काळ्याला, की गाडी चालू. कुणाच्या मिनतवाऱ्या नकोत. आणि हवा भरायचा पंप ह्यातच. आकडा लावून ठेवा, तेवढी हवा भरली की आपोआप बंद.”

“सगळ्यात हलकं कुठलं?” बायकोने विचारलं.

बाकी काही ऐकून घ्यायचं त्राण तिच्यात नव्हतं. बेकरीतली पहाटेची पाळी करून ती घरी आली होती, केसांना अजून मैदा होता. मग ह्याला व्यायामाला न्यायचं म्हणून गाडी काढली, तर ती गल्लीच्या वळणावरच बसली. ड्रायव्हरचं दार उघडं टाकून, एक हात स्टिअरिंगवर ठेवून तिने खांद्याने रेटा दिला. मागून दोन अनोळखी माणसांनी ढकललं, तेव्हा कुठे ती चालू झाली. टर्नर आत पोत्यासारखा बसून होता. “आजोबा उतरले असते तर तेवढं वजन तरी कमी झालं असतं,” मागचा एक जण म्हणाला. बायकोने ऐकलं नाही असं दाखवलं. नवरा-बायको दोघांनीही अजून त्या बोलण्याचा विषय काढला नव्हता.

“हे घ्या.” दुकानदाराने सगळ्यात लहान यंत्र पुढे सरकवलं. “पर्समध्ये मावेल.”

“द्या हेच.”

“थांब,” टर्नर म्हणाला.

आजारपणानंतर शब्द त्याच्या जिभेवरून घसरत, म्हणून तो मोजकंच बोलायचा. त्याने काठी काउंटरला टेकवली, लहान यंत्राचा चिमटा डाव्या हातात घेतला आणि दाबला. चिमटा जेमतेम बोटभर उघडला आणि खाडकन मिटला. त्याने पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

“काका, राहू द्या, काकू करतील,” दुकानदार म्हणाला.

टर्नरने मोठं यंत्र ओढलं. त्याची स्प्रिंग एवढी ताठ होती की चिमटा हललाच नाही. एकतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस तो. स्प्रिंगशी भांडून उपयोग नसतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दांडा लांब हवा. मधल्याचे दांडे लांब होते. त्याने ते अगदी टोकाला धरले आणि सावकाश दाबले. चिमट्याने आ वासला. त्याने तो काउंटरच्या पत्र्याला लावला, सोडला, परत काढला. कपाळावर घाम आला होता.

“हे घे,” तो म्हणाला.

“अहो, जड आहे ते. डिकीतून काढायचं मलाच, ठेवायचं मलाच.”

“चिमटे मी लावीन.”

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. “आणि हवा?”

“हवा पण.”

“अहो काकू, लावतील की काका!” दुकानदाराला एकदम हुरूप आला. “हा तर डाव्या हाताचा खेळ—” आणि त्याने जीभ चावली.

टर्नर हसला. त्याचं अर्धंच तोंड हसायचं. “मग झालं तर. माझ्याकडे तेवढाच आहे.”

बाहेर आल्यावर त्याने ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक काठीने दाखवलं. बसलं होतं जरासं. बायकोने यंत्र चाकापाशी नेऊन ठेवलं आणि वाकायला लागली.

“तू बस,” तो म्हणाला.

“अहो, कशाला उगाच—”

“बस म्हटलं ना.”

ती दार उघडून सीटवर बसली, पाय बाहेरच ठेवून. टर्नरने गाडीला धरून गुडघा वाकवला. तो मधेच दगा देऊन गेला आणि टर्नर धपकन खालीच बसला. बसला ते बरंच झालं, चाक समोर आलं. त्याने टोपण काढलं. नळीचं तोंड फिरवलं तर आटे चुकले, वाकडं बसलं. त्याने ते काढलं आणि आधी उलटं फिरवलं, हळू, आटा आट्यात पडल्याचा बारीकसा धक्का बोटांना लागेपर्यंत. मग सुलटं. गच्च बसलं. डाव्या हातालाही हे कळतं हे त्याला माहीत नव्हतं.

बटण दाबलं. यंत्र घरघरायला लागलं. एकवीस. पंचवीस. तीस. बत्तीसवर ते आपोआप बंद पडलं. त्याने नळी सोडवली, टोपण लावलं.

“झालं गं.”

त्याने मान वर करून पाहिलं. बायकोचं डोकं सीटच्या कडेला कललं होतं, तोंड किंचित उघडं. एका पायातली चप्पल खाली पडली होती. एवढ्या घरघरीतही तिला जाग आली नव्हती.

तिच्याशिवाय त्याला उठता येत नसे. काखेत हात घालून, एक-दोन म्हणत ती त्याला उभं करायची. त्याने चाकाला पाठ टेकली. जमीन उन्हाने तापली होती.

दुकानदार वॉरंटीचा कागद द्यायला बाहेर आला. टर्नरला जमिनीवर पाहून तो लगबगीने पुढे झाला, हात पुढे केला.

“काका, उठवू का?”

टर्नरने बोट ओठांवर ठेवलं.

“नको,” तो हळूच म्हणाला. “झोपू दे तिला जरा.”