बारा महिन्यांएवढी जागा

लाइलच्या गॅरेजमधल्या खुर्च्या संपल्या तेव्हा उरलेले लोक टायरांवर बसले. कॉम्प्युटर क्लबच्या, सगळ्या सभासदांना वाटायच्या टेपवर कोणाचा दुभाष्या जाणार, लाइलचा की नदीनचा, हे आज ठरणार होतं. दुभाष्या म्हणजे माणसानं बेसिक भाषेत लिहिलेलं मशीनला समजावून सांगणारा प्रोग्रॅम. मशीनची मेमरी एवढीशी. दुभाष्यानंच पाय पसरले, तर कामाला जागा उरायची नाही. दोघांना काम एकच: १९७७ सालचं कॅलेंडर छापायचं.

नदीननं तान्ह्या होलीची बाबागाडी छपाईच्या टेलिप्रिंटरला खेटून लावली.

"अगं, कान फुटतील पोरीचे!" लाइल म्हणाला.

"घरी हिचा पाळणा असल्याच एका टेलिप्रिंटरशेजारी असतो. खडखड थांबली की उठते."

आधी लाइलचा दुभाष्या. प्रोग्रॅमची कुठली ओळ मेमरीत कुठे आहे, ते तो टिपून ठेवायचा, म्हणजे पुन्हा शोधायला नको. जानेवारी, फेब्रुवारी धडाधड कागदावर उतरले. कुणीतरी शीळ घातली. बाळ झोपेल तेवढ्या वेळात, तुकड्यातुकड्यानं नदीननं आपला दुभाष्या लिहिला होता, आणि जागा वाचवायला नेमकी हीच सोय स्वतःच्या हातानं काढून टाकली होती.

ऑगस्टच्या मध्यावर टेलिप्रिंटर थांबला. टिपणांनीच मेमरी भरून गेली होती.

गॅरेज शांत झालं आणि होलीनं भोकाड पसरलं.

"घ्या, लागला निकाल!" मागून कुणीतरी ओरडलं. लाइलसुद्धा हसला.

नदीननं घाईघाईनं आपली टेप चढवली. तिचा दुभाष्या दर वेळी पहिल्या ओळीपासून शोधत यायचा. थोडी खडखड झाली तशी होली निवली; मग थांबा. पुन्हा थोडी खडखड.

"तेवढ्यात मी लिंबूसरबत करून आणतो," लाइल म्हणाला.

"दोनदा कर. वेळ पुरेल."

ती हसली, पण नजर बाबागाडीवरच होती. प्रत्येक थांब्याला होलीची पापणी थरथरायची, आणि ती उघडायच्या आत पुढची ओळ यायची. ऑगस्ट सरला. सप्टेंबर. ऑक्टोबर.

डिसेंबरची शेवटची ओळ उमटू लागली. टाळ्यांसाठी उचललेले हात लाइलनं खुणेनंच खाली करायला लावले. पायानं तो बाबागाडी हलवत होता.

"टेपवर तुझाच," तो कुजबुजला. "पण आधी पुढचं वर्ष लाव, बाई. आत्ता कुठे झोपलीये."