विरजणाची वाटी

कोरोनाच्या दिवसांत निगडीच्या सुभद्राबाईंचं दही काही केल्या लागेना. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मुलाने, प्रज्वलने, बजावलं होतं की अगदी नडल्याशिवाय फाटकाबाहेर पडायचं नाही. पण विरजणावाचून तर नडतंच. रोज संध्याकाळी त्या मास्क लावून, वाटी घेऊन समोरच्या रतनबाईंकडे जायच्या. रतनबाई त्यात विरजण घालून वाटी फाटकाच्या खांबावर ठेवायच्या आणि लांब पायरीवर जाऊन बसायच्या. चमचाभर विरजण आणायला सुभद्राबाईंना पाऊण तास लागायचा.

एका सकाळी सुनेला, दिपालीला, फ्रिजमध्ये मेथीच्या जुडीमागे पातेलं सापडलं. सुरीने कापावं असं घट्ट दही. त्याच्या मागे आणखी एक पातेलं, तसंच. सासूबाईंना काही न विचारता तिने त्या दिवशी त्याची कढी केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप बाजूला सारून प्रज्वल जेवायला बसला. "परवा कढी, काल कढी, आज परत कढी? आईचं दही लागत नाही ना, मग ही कशाची?"

सुभद्राबाईंचा घास हातातच राहिला.

"पिशवीतल्या दह्याची," दिपाली म्हणाली.

"मग त्याचंच विरजण लावा की."

"त्याला रतनकाकूंच्या दह्याची चव नाही." तिने वाटी घासून सासूबाईंपुढे ठेवली. "आई, दिवेलागणीनंतर कुणी विरजण देत नाही. आज जरा लवकरच निघा."