पेटलं नाही तर

"पाच," काका म्हणाले.

डॉक्टरने अंगठा समोरच्या डब्याच्या बटणावर ठेवला. तो दातांचा डॉक्टर. साखर खाऊ नका म्हणून एरवी लोकांच्या कानीकपाळी ओरडणारा. आज मात्र सकाळपासून तो भावी सासऱ्याच्या शेडमध्ये उभा राहून, शेगडीवर घोटल्या जाणाऱ्या साखरेचं तोंड भरून कौतुक करत होता. काकांना साखरेच्या इंधनावर उडणारी रॉकेट बनवायचा नाद होता, आणि डॉक्टरला काकांच्या मुलीशी लग्न करायचं होतं. त्यामुळे दोघंही आता या माळावर, गवतात फतकल मारून बसले होते.

"चार."

भावी सासरा म्हणजे तरी काय, अजून कशाचाच पत्ता नव्हता. काका ताकास तूर लागू देत नव्हते. तिची आई गेल्यापासून ती आणि काका, दोघंच एकमेकांना होते. "बाबा नाही म्हणाले तर मी लग्न करणार नाही," असं ती हसत हसत म्हणाली होती. पण तिचं कोणतं हसणं खरं आणि कोणतं नाही, हे डॉक्टरला एव्हाना कळायला लागलं होतं. शिवाय तिने त्याला चांगलं पढवून ठेवलं होतं, "बाबांना उलट बोललेलं खपत नाही. काहीही म्हणू देत, तू आपला हो म्हण."

तो हो म्हणत होता. काका जन्मभर लोकांना गाडी शिकवत आलेले. शेजारच्या सीटवर बसले की त्यांचा पाय अजूनही नसलेला ब्रेक दाबायचा. येताना तो ब्रेक त्यांनी वाटभर दाबला. "फार जोरात चालवता हो तुम्ही." हो. "आणि वळणावर फार हळू." हो. रॉकेटला पंख तीन बरे की चार, असं विचारल्यावर तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल ते, काका."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "डॉक्टर, तुम्ही माणूस आहात की रबरी शिक्का?"

याला हो म्हणता म्हणता तो थोडक्यात वाचला.

"तीन."

एकच गोष्ट काकांनी त्याला अगदी बजावून सांगितली होती. बटण दाबलं आणि रॉकेट पेटलं नाही, तर जागचं हलायचं नाही. आत ठिणगी दबा धरून बसलेली असू शकते. माणूस बघायला जातो, वाकतो आणि नेमकं तेव्हाच ते उडतं. काकांच्या एका मित्राचा डोळा असाच गेला होता. हे सांगताना मात्र काका हसले नव्हते.

"दोन. एक. दाबा!"

डॉक्टरने बटण दाबलं.

काहीच झालं नाही. माळाच्या मध्यावर रॉकेट आपल्या सळईला टेकून, लाल टोपी मिरवत, ढिम्म उभं होतं. पार कुंपणापाशी ती मोबाइल धरून वर आभाळाकडे बघत होती. डॉक्टरने पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही.

"वायर सुटली असणार," काका म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "जोडून येतो."

"अहो, पण काका..."

"पण काय? माझं रॉकेट आहे. मला त्याची नस न् नस माहीत आहे." काका दोन पावलं चालून गेले आणि वळले. आवाजाला धार आली होती. "जाऊ ना मी?"

हो हा शब्द डॉक्टरच्या जिभेवर तयारच होता. सकाळपासून तो तिथेच मुक्कामाला होता.

"नाही!" डॉक्टर ओरडला. "ए, बस खाली! अक्कल आहे की नाही काही?"

नुसता ओरडला नाही. त्याने झेप घेऊन काकांची कॉलर धरली आणि दोघंही धपकन गवतात पडले. काकांचा चष्मा एकीकडे, टोपी दुसरीकडे. आपण कोणाला अरेतुरे केलं, हे डॉक्टरला आत्ता कुठे कळलं. कुंपणाकडून ती धावत येताना दिसत होती. संपलं सगळं, त्याला वाटलं. फार वाईट वाटलं. तरी कॉलरवरची मूठ काही सैल झाली नाही.

"कॉलर सोडा, डॉक्टर," काका गवत थुंकत म्हणाले.

"नाही सोडणार. मला काय बोलायचं ते नंतर बोला. लग्न गेलं खड्ड्यात. पण तिला तुमच्याशिवाय कोण आहे? तुम्ही इथून हलायचं नाही!"

काका हलले नाहीत. त्यांनी पडल्या पडल्याच पँटच्या खिशात हात घातला, एक चौकोनी बॅटरी काढली आणि डॉक्टरच्या नाकासमोर गवतावर ठेवली. डॉक्टरने बॅटरीकडे पाहिलं, मग बटणाच्या डब्याकडे. डबा उघडून पाहिला. तो रिकामा होता.

"बाबा!" ती धापा टाकत पोचली. "काय चाललंय तुमचं?"

काका उठून बसले. कॉलर सारखी केली. मग इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुझ्या मावशीने आणलेल्या त्या दोन स्थळांनाही मी इथेच बसवून विचारलं होतं, जाऊ ना म्हणून," ते म्हणाले. "दोघंही म्हणाले, 'हो, पण जपून जा हं, काका.'"