चिवट त्वचा

हेमांगीने बाळाला पहिल्यांदा छातीशी घेतलं आणि तिच्या अंगावर गांधी उठल्या. श्वासही अडकू लागला. इंजेक्शननंतर ती सावरली.

"पण मला तर कुणी रबराचे हातमोजे घालून हात लावला नाही!" ती गोंधळून म्हणाली. शस्त्रक्रियागृहात नर्स म्हणून वर्षानुवर्षं हातमोजे वापरून तिला रबराची ॲलर्जी जडली होती.

डॉक्टर ताम्हाणे अडखळले. "जखमा लवकर भराव्यात म्हणून हल्ली गर्भातच बाळाला रबराच्या झाडाचं जनुक देतात. त्यामुळे रबरातलं ॲलर्जी आणणारं प्रथिन याच्या त्वचेत आहे."

"म्हणजे मला माझ्याच बाळाची ॲलर्जी?"

तेवढ्यात पाळण्यातलं बाळ रडू लागलं. हेमांगी धडपडत उठली. तिचा नवरा प्रसाद मध्ये आडवा आला. दोघांपैकी आधी कुणाला जवळ घ्यावं, हे त्याला कळेना.