रुखसतीपुरता ताप

“ताप आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“न्हाई.”

“हगवण? खोकला?”

“न्हाई जी.”

“मग रुखसत कशाची मागतेस?”

कासाबाई सोनपेठकडच्या धनगराची पोर, परभणीच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकायला आलेली. बावीस दिवस झाले, धड झोप नाही: दिवसा बाळंतिणी, संध्याकाळी वर्ग, आणि कुणाची रातपाळी चुकली की तीही हिच्याच गळ्यात! निजाम जाऊन तीन वर्षं झाली, तरी रुखसतीचा, म्हणजे रजेचा, कागद तोच जुना. त्यावर छापलेल्या आजारांत हिचा आजारच नव्हता.

डॉक्टर पुढच्या खोलीत गेले, तशी ती थोरल्या नर्सजवळ, नर्मदाबाईंजवळ सरकली.

“बाई, रिकाम्या पाळण्यातून पोर रडायलंय. पळत जाते तर आत कुणीच न्हाई. आन् काल एक खरंच रडत होतं, तर मला वाटलं हेबी खोटंच. उचललंच न्हाई मी! आज माझ्या हातून एखादं पडंल, बाई.”

“हे डाक्टरला बोललीस?”

“बोलू?”

“बोल की. जालन्याला धाडतील, येड्यांच्या दवाखान्यात. मग तुला नर्स कोण करतंय?”

“मग सांगू तरी कुणाला?”

नर्मदाबाईंनी बशीत चहा ओतला, पण प्यायल्या नाहीत. बोट बुडवून पाहिलं, थांबल्या, पुन्हा बुडवलं.

“लय कढत आसला की काच फुटती,” म्हणाल्या, आणि थर्मामीटर अलगद चहात धरला.

“पण बाई, मला ताप न्हाई!”

“ठावं हाय. गप पड.”

डॉक्टर परत आले. पारा एकशे दोनवर. कपाळाला हात लावायला त्यांना तरी फुरसत कुठली! तीन दिवसांची रुखसत लिहून ते निघून गेले. कासाबाई खाटेवर आडवी झाली आणि अंगावर चादर ओढायच्या आधीच झोपली.

नर्मदाबाई बशी विसळायला उठल्या, तर दारात धुरपता. कासाबाईच्याच बरोबर शिकायला आलेली. डोळे लालभडक, हातात ट्रे. किती वेळ उभी होती कोण जाणे.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “चहा उरलाय का?”

नर्मदाबाईंनी बशीत बोट घातलं. चहा पार निवला होता.

त्यांनी स्टोव्ह पेटवला.